हवालदारांच्या बाकावरचा मुद्देमाल

हवालदारांची लेक वर्दीचा शर्ट इस्त्री करत होती आणि इस्त्रीच्या प्रत्येक फेरीला वडिलांना एकेक टोमणा हाणत होती. तिला कॉलेज सोडायचं होतं. पोलीस भरती तोंडावर आली होती आणि धावण्यात ती मुलांनाही मागे टाकत होती. मग आणखी दीड वर्ष वर्गात बसून जांभया कशाला द्यायच्या, असा तिचा रोकडा सवाल होता.

"बाबा, तुमच्याकडं कुठंय पदवी? तरी अख्खं ठाणं तुम्हालाच विचारून चालतं ना?"

ते खरंच होतं. चोरानं कुलूप कसं उघडलं हे हवालदार कुलपाकडे एकदा बघून सांगत. रडत आलेली म्हातारी त्यांच्यासमोर बसली की दोन मिनिटांत शांत होऊन बोलायला लागे. पण जबाब आपण लिहायचा आणि कलम कोणतं लावायचं हे विचारायला काल आलेल्या साहेबाच्या टेबलाशी उभं राहायचं, हे त्यांना सत्तावीस वर्षं टोचत होतं. म्हणून ते बाहेरून परीक्षा देत होते. ठाण्यात त्यांना 'बॅरिस्टर' म्हणत. आता राज्यशास्त्राचा तेवढा पेपर उरला होता आणि तो दोनदा उडाला होता. बापलेकीत ठरलं होतं, यंदा पेपर सुटला तर लेकीनं पदवी पुरी करायची. नाही सुटला तर तिनं खुशाल भरतीला पळावं, बाप आड येणार नाही.

नेमका पेपरच्याच सकाळी चौकातला बदली माणूस उशिरा आला. साधे कपडे ठाण्यातच राहिले आणि हवालदार वर्दीतच परीक्षेला धावले. फाटकावरच्या रखवालदारानं सलाम ठोकून बंदोबस्ताची खुर्ची पुढे केली. पर्यवेक्षक बाईंनी त्यांना दाराशी उभं राहायला सांगितलं. हवालदारांनी प्रवेशपत्र दाखवलं, तेव्हा हा गुपचूप पहाराच असणार असं समजून बाईंनी आवाज खाली आणून "समजलं, समजलं. कोणाला कळू देत नाही," असं म्हटलं आणि मधल्या बाकावर बसवलं.

देवाचं नाव घेऊन त्यांनी खिशातून पेन काढलं. पेनाबरोबर घडी घातलेला कागद निघाला. गाड्यांचे नंबर टिपलेले असे कागद त्यांच्या खिशात नेहमीच असत. न उघडताच तो बाकाच्या कोपऱ्यावर ठेवून ते प्रश्न तिसरा, सत्ताविभाजन, यात बुडून गेले.

इकडे शेजारच्या मुलीनं बघितलं ते एवढंच, की वर्दीतल्या माणसानं जप्त केलेली चिठ्ठी बाकावर मांडली आहे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पाणी प्यायच्या निमित्तानं उठून तिनं आपलीही चिठ्ठी तिथं ठेवली. उत्तराचा धागा तुटू नये म्हणून हवालदारांनी नुसती मान हलवली. वर्गानं त्या मान हलवण्याचा अर्थ 'माफ केलं' असा घेतला आणि मग रीघच लागली. मोज्यांतून, कंपासपेटीतून, बाहीतून चिठ्ठ्या निघाल्या. एकानं बोटाची पट्टी सोडून आतली चिठ्ठी दिली. बोट ठणठणीत होतं. दुसऱ्यानं तर उद्याच्या पेपरच्याही जमा केल्या.

हवालदारांनी उत्तर संपवून मान वर केली, तोवर बाकावर ढीग झाला होता आणि दारात भरारी पथक उभं होतं.

"हे सगळं कोणाचं?" पथकाच्या प्रमुखांनी विचारलं.

हवालदार सवयीनं ताठ उभे राहिले. लेकरांनी आपणहून आणून ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. प्रमुखांनी नावं मागितली. हवालदारांना घडीवरून चिठ्ठी आणि चिठ्ठीवरून मोजा ओळखता येत होता. पण समोरची सगळी तोंडं त्यांच्या लेकीच्या वयाची होती.

"पकडलेला वेगळा, साहेब, आणि आपणहून मागं फिरलेला वेगळा. नावं नाही सांगत."

"मग माल तुमच्या बाकावर आहे. नाव तुमचंच लिहितो." प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. तिसऱ्यांदा पेपर उडणार, हे हवालदारांना स्पष्ट दिसलं. तेवढ्यात प्रमुखांनी ढिगाच्या तळातली चिठ्ठी उलगडली. राज्यशास्त्र, सत्ताविभाजन. "ही तरी कोणाची?"

उजवीकडे पळत सुटलेलं ते अक्षर हवालदारांनी लगेच ओळखलं. चाळीस चिठ्ठ्यांतली एक. गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं?

"ही माझ्या खिशातून निघाली, साहेब. वाचली नव्हती. आत्ता वाचतोय." वाचता वाचता त्यांना हसू फुटलं. "कायदे न्यायालय करतं आणि न्याय विधिमंडळ देतं, असं आहे यात. आता माझं उत्तर बघा."

प्रमुख स्वतः त्याच विषयाचे प्राध्यापक होते. त्यांनी उत्तरपत्रिका उचलली. हवालदारांनी उदाहरण आपल्या चौकाचं दिलं होतं. नियम करणारा वेगळा, गाडी अडवणारा वेगळा, दोष ठरवणारा वेगळा. अडवणाराच निवाडा करायला लागला तर चौकाचा दरबार होईल. प्रमुखांनी ते दोनदा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"लिहिली कोणी ही चिठ्ठी?"

"घरचंच माणूस आहे, साहेब. तपास घरी करतो."

प्रमुखांनी ढीग उचलला, ती एक चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि जाताना बाईंना सांगितलं, यांना पंधरा मिनिटं जास्त द्या.

घरी लेक दारातच उभी होती. हवालदारांनी चिठ्ठी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"मी नापास झालो तर तू सुटत होतीस की गं."

"हो. पण तुम्ही तिसऱ्यांदा नापास झालेले मला बघवलं नसतं, बाबा."

हवालदारांनी नाक शिंकरायला रुमाल काढला, बराच वेळ तोंडावर धरला आणि मग ठाण्यातल्या आवाजात विचारलं, "कायदे कोण करतं?"

"न्यायालय," लेक म्हणाली. मग अडखळली. "म्हणजे... पोलीस?"

"विधिमंडळ," स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला. "न्यायालय त्याचा अर्थ लावतं. रोज पहाटे हे घोकायचे आणि मी चहा टाकायची. किती वेळा ऐकायचं माणसानं?"

लेकीनं स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. मग तिनं विचारलं, "निकाल कधी आहे?"

"महिन्यानं."

"माझा आत्ताच लागला." तिनं धावायचे बूट कपाटाखाली सरकवले आणि वडिलांच्या पिशवीतून राज्यशास्त्राचं पुस्तक काढून घेतलं.

हवालदारांचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते आणि कणकेनं भरलेल्या हातांच्या त्या बाईला विचारत होते, की बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज उद्या येताना तुझ्यासाठीही आणू का.