काठावरच्या चपला

केशरबाईंचा जावयावर एकच राग होता: माणूस विचार फार करतो. टोमॅटो घ्यायचे, तर प्रबुद्ध सगळा ढीग उलटापालटा करणार आणि शेवटी वरचेच चार उचलणार. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही साधी गोष्ट. पण यशोधराला विमानानं पाठवावं की नको, या विचारातच तिला आठवा लागला आणि विमानवाल्यांनीच नको म्हटलं. म्हणून दोन हजार चार साली डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून केशरबाईंना बोरी बुद्रुकहून सायप्रस नावाच्या बेटावर यावं लागलं. असल्या माणसाच्या भरवशावर पोर परमुलखात टाकून परत कसं जायचं, हा त्यांना घोर होता.

सुट्टीच्या दिवशी प्रबुद्धनं दोघींना समुद्रावर नेलं. निळंशार पाणी, काठाला गोटेच गोटे, आणि पाण्यात उभा एक भलाथोरला खडक.

"आई, प्रेमाची देवी हितंच फेसातून जन्माला आली म्हणत्यात," यशोधरा बाकावर टेकत म्हणाली.

"फेसातून? म्हंजी कळा कुणालाच नाय आल्या," केशरबाई म्हणाल्या. "ही गोष्ट कुण्या बाप्यानंच रचली आसंल."

पाय बुडवायला त्या पुढे गेल्या आणि थबकल्या. गोट्यांवर चपलांचा जोड, शेजारी घडी घातलेली विजार, वर चष्मा. पाण्यात एक पांढरं डोकं आत आत चाललेलं. बोरीत विहिरीच्या काठावर अशा नीट ठेवलेल्या चपला दिसल्या, की गाव दोर घेऊन पळतं.

"पावणं, म्हातारा जीव देतोय. पळा!"

प्रबुद्धनं चपलांकडे पाहिलं आणि बुटांसकट पाण्यात घुसला. केशरबाई बघतच राहिल्या.

"आई, काय केलंस? त्यांना पवता येत नाय," मागून यशोधरा ओरडली.

"मंग तसं सांगायचं ना त्यांनी."

"तू सांगू देतीस व्हय कुणाला?"

तोवर प्रबुद्ध गळ्यापर्यंत गेला, मग नुसता हात दिसू लागला, मग तोही दिसेना. केशरबाई लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात शिरल्या आणि ज्याला वाचवायला जावई धाडला होता, त्या म्हाताऱ्यालाच हाका मारू लागल्या.

"ओ बाबा, मरायचं मागाहून बघा. आधी माझ्या लेकीचा नवरा काढा."

मराठी त्याला काय कळणार, पण हाक कळली. म्हातारा वळला, सपासप हात मारत आला आणि प्रबुद्धला हनुवटीखाली धरून काठावर आणून त्यानं पालथा घातला.

पोटातलं पाणी निघाल्यावर प्रबुद्धनं त्याच्याशी बोलून खुलासा केला. खडकाला पोहून वळसा घातला, की माणूस तरुण होतो, अशी इथली समजूत. म्हातारा तेवढ्याचसाठी निघाला होता.

सरपंचापुढेही न वाकलेल्या केशरबाई त्याच्यापुढे वाकल्या. मग सोबत आणलेला लाडवांचा डबा उघडून बाळंतिणीचा एक लाडू त्याच्या हातावर ठेवला, आणि त्यावर दुसरा.

"खावा बाबा. कंबर धरंल. खडकाचं काय खरं नाय."

म्हातारा भिजल्या मिशांनी लाडू खात बसला. केशरबाई जावयाचं डोकं पदरानं पुसू लागल्या. पदरच ओला, त्यामुळे डोकं जास्तच भिजत होतं, पण प्रबुद्धनं ते पुढेच धरलं होतं.

"प्रबुद्धा," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. "तुला अक्कल कमी हाय. पवता येत नाय आन् माझ्या येका हाकंवर मरायला निघालास. बाळाचं समदं आवरलं, की मी निवांत बोरीला जाईन. माणूस चांगला गावलाय माझ्या पोरीला."