तणसीच्या ढिगावरून दिल्लीला

आमच्या घरात मोठे निर्णय मी घेतो. (म्हणूनच सध्या करपलेला भात खाऊन राहिलो.)

चिचगडच्या पुढे, जंगलाला टेकून आमची टोली, म्हणजे लहानशी वस्ती आहे. मोबाइलला रेंज मिळते ती फक्त आमच्या घरामागच्या तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगावर. लेक गुंजन रायपूरला दिलेली. तिच्याशी बोलायला आमची सत्यभामा रोज शिडी लावून वर चढते. परवा बोलता बोलता घसरली आणि थेट म्हशीच्या गव्हाणीत जाऊन बसली. फोन मात्र कानालाच होता.

"टावर आणा, नाहीतर मी चालली पोरीकडे!" तिनं गव्हाणीतूनच बजावलं. "मंग रांधा आपल्या हातानं!"

मी शाळेतला क्लार्क. संकटात मला अर्जच सुचतो. टपाल आणि टेलिफोन दोन्ही सांभाळणाऱ्या दिल्लीच्या मंत्रालयाला मी तीन पानं लिहिली आणि पोस्टमन दुधरामच्या हातात दिली.

"बाबूजी, हे मोबाइलवरून होते ना आता," तो म्हणाला.

"त्यासाठी ढिगावर चढावं लागते!" मी म्हणालो. (माझ्या पदाला ते शोभलं नसतं.)

उत्तर दुधरामनंच आणलं. मंगळवारी दिल्लीचे साहेब स्वतः फोन करून तक्रारीची खात्री करणार होते. आता आली का पंचाईत! फोन घ्यायचा तर ढिगावरच बसायला हवं. मंगळवारी मी छत्री, डबा आणि इस्त्रीचा शर्ट अशा तयारीनिशी सकाळीच वर चढलो.

"बाबूजी, खुडूक कोंबडीवानी काऊन बसून राहिले?" खालून शेजारच्या कवडूनं विचारलं.

"दिल्लीचा फोन येऊन राहिला!"

झालं. दुपारपर्यंत अख्खी टोली खाली जमली. सत्यभामा शिडी धरून उभी होती. नवऱ्याकडे इतक्या अभिमानानं बघताना मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

फोन वाजला.

"नमस्कार, नेटवर्क की शिकायत आपकी है? मेरी आवाज़ आ रही है?"

खाली सगळी टोली, कानात साक्षात दिल्ली. मी ताठ बसलो.

"एकदम क्लियर, सर! लगता है आप बाजू में ही बैठे हैं!"

"बहुत बढ़िया! तो शिकायत बंद कर दें?"

"जैसा आप ठीक समझें, सर!" (साहेबाला नाही म्हणायला नोकरीत कुणी शिकवलंच नाही.)

मी विजयी मुद्रेनं खाली पाहिलं. सत्यभामानं शिडी उचलली आणि शांतपणे घरात नेली.

दुसऱ्या दिवशी तिनं रायपूरची गाडी धरली. संध्याकाळी तांदूळ धुऊन मी गुमान ढिगावर चढलो आणि फोन लावला.

"अवं, भातात पाणी किती टाकू?"

"आधी सांगा, आवाज येऊन राहिला का?"

"एकदम क्लियर!" मी सवयीनं म्हणालो.

"मंग तक्रार बंद!" ती म्हणाली आणि फोन ठेवला.