सत्र क्रमांक सतरा चालू आहे

आर्णीकडच्या एका कार्यालयात लाइन वारंवार जाते, ही बातमी नाही. वीज गेली की जिल्ह्याच्या सर्व्हरवर चालू असलेले दाखल्यांचे काम अर्ध्यात मरत असे, आणि कंत्राटी ऑपरेटर संघदीप याने ते मरणे थांबवले, ही बातमी आहे.

"हे सेशन साहेब," त्याने काळ्या पडद्यावर दाखवले. "काम याच्यात सुरू करायचं, मंग आपण वेगळं व्हायचं. इकडची खिडकी बंद झाली तरी तिकडं काम चालूच राह्यते. नंतर परत जोडून घ्यायचं."

"म्हणजे समोर माणूस नसला तरी काम चालू?"

"चालू."

साहेबांनी पडद्याकडे पाहिले नाही. खुर्चीकडे पाहिले.

*परिपत्रक.* सर्व कर्मचाऱ्यांनी काम सुरू करून खुर्चीपासून विलग व्हावे. विलग कर्मचाऱ्याचे काम चालू समजण्यात येईल. परत जोडले जाणे ऐच्छिक. (कंत्राटींस लागू नाही.)

सोमवारी तांड्यावरून रुपीबाई आल्या. मुलगी बबिता हिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता. मुदत शुक्रवार, सायंकाळी पाच. अर्ज नऊ दिवसांपूर्वीचा. कार्यालयात एकटा संघदीप.

"दाखल्यावाल्या साधना म्याडम कुठी हाये?"

"विलग झाल्या."

"अन् मायावाला दाखला?"

"चालू हाये मावशी."

मंगळवारी चालू होता. बुधवारीही. गुरुवारी रुपीबाई साधना मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"चार दिवसांपासून चालू हाये म्हनतं. कुठी चालून राह्यला बाप्पा तो? दाखव मले."

संघदीपने यादी काढली. जुन्या सेशनला जोडून घेण्याऐवजी जो तो रोज सकाळी नवे उघडून निघून जात होता. नाव कुणीच दिले नव्हते.

०: चालू (विलग)
१: चालू (विलग)
२: चालू (विलग)

असे त्रेसष्टपर्यंत.

"येकेक उघड. मी बसली हावो."

सतरा क्रमांकात बबिता सापडली.

*राठोड बबिता रामधन. दाखला सहीसकट तयार. छापायचा? (हो/नाही) _*

बारा दिवस कर्सर लुकलुकत उभा होता.

"दाब ना मंग!"

"साहेबाची परवानगी लागते."

"साहेब कुठी हाये?"

"विलग."

"यातलं 'हो' कोन्तं?"

संघदीपने पंख्याकडे पाहत बटणाकडे बोट केले. रुपीबाईंनी ते डोअरबेलसारखे दाबले. प्रिंटर खोकला. दाखला आला.

शुक्रवारी दुपारी बबिताचा फॉर्म भरला गेला. त्याच दुपारी साहेब कार्यालयास जोडले गेले आणि संघदीपला नोटीस मिळाली: कार्यालयातील चालू कामे चौसष्ट होती, ती त्रेसष्ट झाली. काम संपवण्याचे आदेश नसताना ही घट कशी झाली, याचा लेखी खुलासा करावा.

संघदीपने एका ओळीत उत्तर दिले, "खुलासा चालू आहे," आणि टिफिन उचलला.

६४: संघदीप (विलग)
६५: वाचक (विलग)

मघाशी घरातून तुम्हाला कुणीतरी काही विचारले. नजर न उचलता तुम्ही "हं, हं" म्हणालात. ते माणूस अजून दारातच उभे आहे.

काय विचारले होते, ते आठवते? (हो/नाही) _