कानामागे बघणारे तात्या

पहिल्या भेटीत तात्यांनी मला नमस्कार केला नाही. माझा कान दुमडून मागे पाहिलं आणि म्हणाले, "साफ हाय." मग नाव विचारलं.

तात्या मूळचे कापडे गावचे. गुरांच्या दवाखान्यात शिपाई होते. बायको गेली, मुलगा मुंबईला. आता महाडात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहतात. रोज सकाळी चिमटा आणि स्पिरिटची बाटली घेऊन नगरपालिकेच्या बागेत जातात आणि भटक्या कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढतात. "सरळ ओढायची, पिळायची नाय," हे ते कुत्र्यालाच समजावतात. एकदा बाकाखाली मुंगूस दिसलं, तर अर्धा तास त्याच्यामागे फिरले. त्यानं काही तपासू दिलं नाही. तात्यांनी ते मनाला लावून घेतलं.

गोचिडीच्या पोटात जंतू असतात, ते माणसाच्या रक्तात उतरले की ताप येतो, हे ते बाकावर बसलेल्या प्रत्येकाला सांगत. पुराव्यादाखल काढलेल्या गोचिडींची बाटली दाखवत. लोक बाक बदलत.

त्यांना घरी कुणी बोलवत नसे. आम्हीही नाही. काही काम असलं तर ते पायरीवर उभं राहूनच बोलत, आणि नऊ वर्षांत मी 'आत या' म्हटलं नाही. खरं सांगायचं तर किळस यायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईला ताप आला. ती रोज बागेत जायची, कुत्र्यांना बिस्किटं घालायची. मलेरिया नाही, डेंगी नाही, पण ताप उतरेना. सहाव्या दिवशी ती मला परक्यासारखी "तुम्ही कोण?" म्हणाली, आणि मी तिला मोठमोठ्यानं हाका मारल्या.

त्या दिवशी तात्या न विचारता आत आले. आईच्या उशाशी बसून त्यांनी तिचे केस बट बट बाजूला केले. अंबाड्याखाली, मानेवर, एक बारीक काळी खपली होती.

"गोचीड चावून गेली हाय हितं," ते म्हणाले. "डॉक्टरास्नी हे दाखव. मी येतो संगती."

डॉक्टर आधी हसले. मग खपली पाहिली, बागेचं विचारलं आणि औषध बदललं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. आईने डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर घरात दूध आहे का.

बरी झाल्यावर तिने तात्यांना जेवायला बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि उंबऱ्याशीच थबकले. दोन्ही तळवे पुढे केले.

"दोनदा धुतलेत, वैनी."

"बसा. भात निवतोय," आई म्हणाली.

ते जेवले. बाटली नाही, जंतू नाहीत. जेवण झाल्यावर ताट उचलून धुवायला बाहेरच्या नळाकडे निघाले. आईने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. तात्या बराच वेळ तिथेच उभे राहिले. रिकाम्या हातांचं काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.