वादळ तीव्र न झाल्याबाबत

अरबी समुद्रात उठलेले वादळ डोंगर चढून येणार असे कळल्यामुळे वेल्ह्याच्या बाजारपेठेत 'वादळ सुसज्जता कक्ष' उघडण्यात आला. एक टेबल, एक पंखा, कक्षप्रमुख अमृतराव आणि ताडपत्र्यांची थप्पी अशी जय्यत तयारी होती. वादळ 'तीव्र' ठरले की ताडपत्र्या वाटायच्या, असा नियम होता. वादळाने तेवढे तीव्र व्हायचे बाकी होते.

ते होईना.

दरम्यान किरकोळ वाऱ्यानेच पासली गावच्या ठकुबाईंच्या शेरडांच्या सपराचे पत्रे उडाले. शेळी नुकतीच व्यालेली, करडं पावसात कुडकुडत होती. ठकुबाई एसटी धरून कक्षात आल्या.

"सायेब, एक ताडपत्री द्या. करडं गारठून मरत्याल."

अमृतरावांना खरोखर वाईट वाटले. माणूस मनाने चांगला. नियमांमुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे.

"आजी, वादळ अजून तीव्र झालेलं नाही. कागदोपत्री तुमचे पत्रे उडालेलेच नाहीत."

"मंग शेजारच्या सोनबाच्या आंब्यावर काय लटाकलंय?"

"ते स्वेच्छेने गेले असतील."

"आन त्ये वादळ कवा व्हनार तीव्र?"

अमृतरावांनी मोबाईलवरचा रंगीत नकाशा पुढे केला. "बिचारं धडपडतंय हो. पण वरचा वारा त्याला एकीकडे ओढतो, खालचा दुसरीकडे. शेंडा एका गावात, बुडखा दुसऱ्या गावात. उभं कसं राहणार? त्यात मध्येच कोरडी हवा शिरली. आणि खाली समुद्र हवा तेवढा गरम नाही."

"मंजी सासरा एक सांगतोय, सासू दुसरंच, आन चूल इझल्याली." ठकुबाईंना वादळाची दया आली. "पोटात गरम न्हाई तर जोर कुठनं यील त्येला?"

अमृतरावांना हे पटले. वादळाला हातभार लावणे हे कक्षाचे कर्तव्य ठरले. त्यांनी समुद्र तापवण्याचा प्रस्ताव वर पाठवला. समुद्र तालुक्याच्या हद्दीत येत नसल्याच्या शेऱ्यासह तो परत आला. वरच्या आणि खालच्या वाऱ्यांची संयुक्त बैठक बोलावली. दोन्ही पक्ष गैरहजर राहिले. अखेर त्यांनी वादळालाच 'कारणे दाखवा' नोटीस काढली: तीव्र होण्यात कसूर का केली, याचा खुलासा तातडीने करावा. शिपाई ती घेऊन घाटमाथ्यावर गेला. वाऱ्याने ती त्याच्या हातातून हिसकावून नेली. 'नोटीस बजावली' अशी नोंद झाली.

खुलासा न करताच वादळ विरले. कक्षाच्या सुसज्जतेला घाबरून ते विरल्याचे जाहीर झाले आणि अमृतरावांचा सत्कार ठरला. पावसाची भुरभुर चालूच होती, म्हणून मंडपावर त्याच ताडपत्र्या घातल्या. वाटपाला मनाई होती, वापराला नव्हती.

"एकाही जिवाला थंडी-वारा लागला नाही!" असे वक्ते म्हणत असतानाच ठकुबाईंचा पुतण्या बिरू टेम्पो मागे घेत थेट मंडपात घुसला. टेम्पोचा मागचा फळका पडला आणि शेरडं खुर्च्यांमध्ये पसरली.

"आजी, हे काय?" अमृतराव हारासकट उभे राहिले.

"ताडपत्री पासलीला यीना, म्हनून शेरडंच ताडपत्रीखाली आनली. चालू द्या तुमचं. आमी न्हाई बोलत मदी."

तेवढ्यात एका शेळीने पुढचे पाय व्यासपीठावर टेकून अमृतरावांचा हार खायला घेतला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले, वक्त्यांनी आभार मानून टाकले. अमृतरावांनी मात्र सत्काराची शाल काढून एका करडाला गुंडाळली. हे नियमात बसत होते. शाल त्यांच्या मालकीची होती.

संध्याकाळी मंडप उतरला. ताडपत्र्या घडी होऊन कुलपात गेल्या, शेरडं भिजत पासलीला परतली. शाल एक होती, करडं दोन.

शेळी साहेबांचा हार खाते, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला होता. तुम्ही पोट धरून हसलात, सगळ्या ग्रुपवर पाठवलात. क्षणभर करडांचे वाईटही वाटले असेल, नाही असे नाही. पण ते वाटणे वाढायच्या आत कुठूनशी कोरडी हवा शिरली. शेरडांचे सपार अजून उघडेच आहे.

तरी तीव्र होण्यात कसूर का केलीत, याचा खुलासा तातडीने करावा.