पायमशीनवरची सहा हजार पावलं

मास्तरांच्या शिवणाच्या पायमशीनला घराबाहेर काढण्याची नोटीस सकाळी चहाबरोबर आली. बजावणारी सूनबाई, कडेवर नात आणि हातात डॉक्टरांचा कागद.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले? रोज सहा हजार पावलं. काल किती चाललात? मशीनपासून ताटापर्यंत आणि ताटापासून मशीनपर्यंत."

"मधे एकदा मोरीपर्यंतही गेलो होतो," मास्तर म्हणाले.

"हसण्यावारी नेऊ नका. हा पट्टा मनगटाला बांधायचा. तो पावलं मोजतो, मला फोनवर दिसतात. महिनाभर रोज सहा हजार झाली तर ठीक. एक दिवस जरी कमी पडली, तर मशीन मोडीत!"

मास्तरांनी आशेने मुलाकडे पाहिलं. मुलाने फोनमध्ये अशी मान खुपसली होती, की ती वर काढायला चिमटाच लागला असता.

चाळीस वर्षं मास्तरांनी त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवले होते. दुकान बंद केलं तेव्हा सगळं देऊन टाकलं, मशीन तेवढं घरी आणलं. त्याची खडखड थांबली तर घरात आपण आहोत की नाही हे आपल्यालाच कळायचं नाही, असं त्यांना वाटायचं.

पहिल्या दिवशी ते जिन्याच्या तोंडाशी गेले, चौथ्या मजल्यावरून खाली वाकून पाहिलं आणि परत फिरले. आकडा : एकशे बारा. मन रमवायला मशीनवर बसले. मनगटावरचा पट्टा कापडात अडकायला लागला, म्हणून काढून घोट्याला बांधला. उशीचा एक अभ्रा शिवून पाहतात तो काय, आकडा हजाराच्या घरात!

मास्तरांनी चष्मा पुसला. आणखी एक अभ्रा शिवला. एकोणीसशे.

"पाय हलतोय ना? मग पाऊलच ते," त्यांनी मनाला समजावलं. मनही शिंप्याचंच, थोडं मागेपुढे करून मापात बसलं.

संध्याकाळी सूनबाई नातीला पाळणाघरातून घेऊन कामावरून परतली. "सहा हजार तीनशे! बाबा, तुम्ही?" तिचा चेहरा असा काही फुलला की रात्री मास्तर एक पोळी कमीच जेवले.

पण खोटं बोलायला नुसतं तोंड पुरतं. खोटं चालायला कापड लागतं. आठवड्याभरात घरात उशा चार आणि अभ्रे एकतीस झाले. मग जुन्या हिरव्या पडद्यांची पाळी आली. त्यांच्या पिशव्या झाल्या. पिशव्या पलंगाखाली गेल्या. आणि रविवारी नात रांगत रांगत तिथे पोचली. तिने एक बंद ओढला, तशी एकात एक अडकलेल्या पिशव्यांची माळच बाहेर आली.

सूनबाईने पिशव्यांकडे पाहिलं. मग मास्तरांच्या घोट्याकडे पाहिलं. मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढला.

"चालून आल्यावर... शिवतो जरा," ते पुटपुटले.

"छान आहेत की," ती एवढंच म्हणाली. "शेजारी सांगते."

दुसऱ्या दिवसापासून मागण्यांचा पाऊस! तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "मास्तर, दोन पिशव्या द्या हो. पण आणून द्याल ना? माझे गुडघे म्हणजे काही विचारू नका." सहाव्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना चार हव्या होत्या, त्याही घरपोच. आणि नेमकी तेव्हाच चौथ्या मजल्यावर पाटी लटकली : 'लिफ्ट बंद आहे'.

मास्तर जिना उतरले. काकूंनी पिशवी खांद्याला लावून पाहिली. "बंद बोटभर आखूड झाला बाई." मास्तर वर आले, बंद वाढवला, खाली गेले. "आता लांब वाटतोय." सहाव्या मजल्यावर तेच. तिथे कधी चेन हवी, कधी नको. पिशवीच्या बंदाचे चालले होते तेवढे लाड त्यांनी नवरदेवाच्या कोटाचेही पाहिले नव्हते.

"गिऱ्हाईक फार वाकड्यात शिरतंय हल्ली," ते घाम पुसत म्हणायचे. सूनबाई पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि पटकन तोंड फिरवायची.

तिसऱ्या आठवड्यात पँट कमरेवर राहीना. मास्तरांनी ती दोन बोटं आत घेतली. कापड सैल झालं नसून आपण आटलोय, हे काही त्यांना उलगडेना.

महिना सरला. डॉक्टरांकडे जाताना मास्तरांनी पट्टा घोट्यावरून गुपचूप मनगटावर चढवला. पट्टा गप्प बसेल, वजनकाटा थोडाच बसणार?

काटा बोलला : अडीच किलो कमी. "वा, मास्तर!" डॉक्टर म्हणाले. "जे काही करताय, तेच चालू ठेवा."

मास्तरांनी खाली मान घातली. सूनबाईने वर छताकडे पाहिलं.

परतताना ती खाली भाजी घ्यायला थांबली. मास्तर सवयीने जिना चढून वर पोचले, तर समोर लिफ्टचं दार उघडलं आणि तळमजल्यावरच्या काकू टुणकन बाहेर आल्या.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या आणि त्याच लिफ्टमध्ये परत शिरल्या. लिफ्ट गेली. पाटी हलत राहिली.

मास्तरांनी पाटी हातात घेतली. तिचा बंद हिरव्या पडद्याचा. टीप त्यांच्याच मशीनची, ती तर ते डोळे मिटून ओळखतील. पण हात नवशिका होता. टीप कुठे दाट, कुठे विरळ, आणि शेवटी तर पार रस्ता सोडून गेलेली. मशीन मोडीत काढायला निघालेली बाई गुपचूप त्याच मशीनवर बसली होती.

मास्तर पाटी घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना सूनबाईला पाटी चपलांजवळ दिसली; ती हळूच लिफ्टवर अडकवायला गेली आणि थबकली. बंदाला नवी दुहेरी टीप होती, ओळंब्यात धरल्यासारखी सरळ.

"सूनबाई," आतून मशीनच्या खडखडीवर आवाज आला, "पाय एकसारखा चालवायचा असतो. संध्याकाळी बस माझ्याजवळ, शिकवतो."

"बरं, बाबा," ती टिपेवरून बोट फिरवत म्हणाली. तिने नातीला कडेवर घेतलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"आणि काय गं," खडखड थांबली, "लिफ्ट बंद आहे ना?"

सूनबाईने बटणावरून बोट काढलं, नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चार मजल्यांचा जिना उतरायला लागली.