दुसऱ्या मजल्यावरचं बाकडं

माणसाला विम्याची आठवण आजारी पडल्यावर होते आणि विमा कंपनीला माणसाची आठवण तो ठणठणीत असेपर्यंतच राहते. या दोन आठवणींची गाठ पडू न देणं, याला विमाशास्त्र म्हणतात. मी या शास्त्राची सव्वीस वर्षं सेवा केली. आमच्या कंपनीत मी छाननी विभागाचा प्रमुख होतो, म्हणजे आजारी माणसाला विमा मिळू न देण्याचा पगार घेत होतो.

आमचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. लोकांना वाटतं, कंपनी चिक्कू आहे. (आहेच, पण इथे तो मुद्दा नाही.) जिना ही आमची तपासणी होती. दुसऱ्या मजल्यावर, जिथे माणसाला नेमका दम लागतो तिथे, मी एक बाकडं ठेवून घेतलं होतं. समोर कंपनीच्या डॉक्टरांची खोली. बाकड्यावर जो टेकेल त्याची डॉक्टर एका वहीत नोंद करत: दिनांक, वेळ, टेकणाऱ्याचं वर्णन, टेकण्याचं कारण. मग ते वर फोन करत आणि अर्जदार धापा टाकत माझ्यासमोर येईपर्यंत ‘दिलगीर आहोत’ या शिक्क्याला शाई लागलेली असे. यात अन्याय काही नव्हता. बाकड्यावर बसायची सक्ती आम्ही कोणावर केली नव्हती.

मग नवा कायदा आला. प्रकृती कशीही असो, मागेल त्याला विमा द्यायचा, आजारपणाच्या कारणावरून कोणालाही परत पाठवायचं नाही. कार्यालयावर सुतककळा पसरली. डॉक्टरांचा वजनकाटा टपाल विभागाने पार्सलं तोलायला नेला. डॉक्टर मात्र राहिले, बाकडंही राहिलं. वही लिहिणं बंद करा असं डॉक्टरांना लेखी कोणी कळवलं नाही, म्हणून वहीही चालू राहिली.

अशा वेळी अक्कल चालवावी लागते. मी चालवली. साहेबांना म्हटलं, “आपण कोणालाच नाकारायचं नाही. अर्जात फक्त एक प्रश्न ठेवू या. आपलं सौजन्य म्हणून.”

तो प्रश्न क्रमांक चौदा: ‘आपली प्रकृती सध्या कशी आहे?’ उत्तर काहीही लिहा, विमा मिळणारच. फक्त त्याखाली, मुंगीलाही चष्मा लागावा अशा अक्षरांत, एक ओळ होती: उत्तर खोटं निघाल्यास भरपाई मिळणार नाही.

“पण खरं लिहूनही विमा मिळणारच आहे ना?” साहेब म्हणाले. “मग खोटं लिहील कोण?”

“साहेब, तुमची तब्येत कशी आहे?”

“एकदम फर्स्ट क्लास!” (त्यांच्या टेबलावर तेव्हा चार गोळ्या आणि अर्धा ग्लास पाणी होतं.)

त्यांच्या ते लक्षात आलं, आणि जागच्या जागी मंजुरी मिळाली. मला कंपनीतर्फे भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

पहिल्या वर्षी ४,३१२ अर्ज आले. त्यांपैकी ३,९८० जणांनी ‘उत्तम’, ‘मजेत’, ‘ठणठणीत’ किंवा ‘तुमच्या कृपेने बरी’ असं लिहिलं. (आमची कृपा त्यांना अजून माहीत नव्हती.) एका गृहस्थांना दोन पुतण्यांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. उजवा हात हलत नसल्यामुळे त्यांनी ‘ठणठणीत’ हा शब्द डाव्या हाताने लिहिला. ३३१ जणांनी जागा कोरी सोडली, त्यांच्यासाठी समिती नेमली आहे.

राहिला एक अर्ज. तो चौकात शिवणाचं दुकान असलेल्या मावशींचा. त्यांनी जागा अपुरी म्हणून चार पुरवण्या जोडल्या होत्या. डाव्या गुडघ्याला एक पान, उजव्याला दीड, कारण तो जास्त दुखे. मग पित्त, कानातली शिट्टी, सुई ओवताना दिसणारे दोन दोरे. शेवटी, ‘मन म्हणाल तर सुनेवर अवलंबून आहे.’ मी तो अर्ज कार्यालयात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. सर्वांत मोठ्याने मीच हसलो.

कायदा कर्मचाऱ्यांनाही लागू होता. तोवर कंपनी आम्हाला विमा देत नसे, कारण ती आम्हाला जवळून ओळखत होती. एका रविवारी सौभाग्यवतींनी अर्ज माझ्यापुढे ठेवला.

“अहो, भरा हा. आणि खरं लिहा. जिना चढताना छातीत कळ येते, डावा हात भरून येतो. लिहा सगळं.”

मी तेरा प्रश्न खरे सोडवले. चौदाव्याशी पेन टेकवलं आणि साडूंचा फोन आला. साडू माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत आणि रोज पोहायला जातात.

“काय, तब्येत काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

“ठणठणीत! आपल्याला काय धाड भरलीये?” मी म्हणालो. फोन ठेवून पाहतो तर हाताने तेच लिहिलं होतं.

खोडायला हवं होतं. पण खाडाखोड असलेला अर्ज बाद, हा नियम माझाच. नवा अर्ज मिळतो तिसऱ्या मजल्यावर, आणि तो जिना मी कसा चढतो हे माझं मला ठाऊक होतं. शिवाय खरं लिहिलं असतं तर कोणीतरी तो अर्ज उभं राहून वाचला असता. मी बायकोला सांगितलं, “लिहिलं सगळं.”

सात महिन्यांनी मी त्या बाकड्यावर बसलो तो उठलोच नाही. डॉक्टर धावत आले. (आधी त्यांनी नोंद केली, मग धावले.) ऑपरेशन झालं, जीव वाचला, राहतं घर गहाण पडलं. भरपाईसाठी अर्ज केला आणि कामावर रुजू झालो त्या दिवशी ती फाइल रीतसर छाननी विभागाच्या प्रमुखापुढे आली. म्हणजे माझ्यापुढे.

सोबत पुरावा म्हणून डॉक्टरांची वही होती. विम्याच्या अर्जाआधीच्या वर्षात सदर इसम बाकड्यावर एक्केचाळीस वेळा टेकला होता. कारण, दर वेळी: बुटाची नाडी बांधणे. (मी चपला घालतो. तेही डॉक्टरांनी लाल शाईत लिहिलं होतं.) पुरावा निर्विवाद होता. मी माझी बाजू ऐकून घेतली, ती मला पटली नाही. ‘दिलगीर आहोत’ हा शिक्का मी स्वतः मारला आणि पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलं.

ते बायकोने फोडलं. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, “मला तरी खरं सांगायचंत.” सव्वीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी उघडपणे बाकड्यावर बसलो. खालून शिवणवाल्या मावशी तुरुतुरु चढत आल्या. दोन्ही गुडघे नवे, भरपाई पूर्ण मिळालेली. त्यांच्या चार पानांत आम्हाला खोटं एक अक्षर सापडलं नव्हतं.

“काय साहेब, कशी आहे तब्येत?” त्यांनी विचारलं.

“मजेत,” मी म्हणालो.

समोरच्या खोलीत वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

तुम्हाला हसू आलं असेल तर हसा, मीही मावशींना हसलो होतो. निघता निघता आपलं सौजन्य म्हणून विचारतो: तुम्ही कसे आहात?

आलं ना ओठावर? दिलगीर आहोत.